लॅपटॉप विझला तर आधी हे करा
१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आम्हा गोंदियाच्या कापडवाल्यांचा हिशेब वहीतून लॅपटॉपात गेला. मे महिन्यात, ऐन २० तारखेला, विवरणपत्र भरतानाच आमचा लॅपटॉप विझला. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क! चूक आमचीच होती. गादीवर ठेवल्याने खालची जाळी झाकली, आत कापडाचे तंतू साचले, यंत्र तापले.

व्यापारी बांधवांनो, अशा वेळी चार्जर काढा, थंड होऊ द्या, जाळी मऊ ब्रशने झाडा, बटण १५ सेकंद दाबून सोडा, मग सुरू करा. आमचा तसाच सुरू झाला. बॅटरी फुगलेली दिसल्यास मात्र चार्जिंग लावू नका, कारागिराकडे न्या. रोजचा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवा. लॅपटॉप नवा मिळेल, उधारीची यादी मिळणार नाही.