शाळेचे माहेरपण

डिसेंबरची थंडी पडू लागली की यवतमाळ जिल्ह्यात दोन कामांची धांदल एकाच वेळी उडते. शाळेच्या आवारात स्नेहसंमेलनाच्या तालमी रंगात येतात, आणि आवाराबाहेरच्या शेतांत कापसाची वेचणी चालू असते. या दोहोंच्या ओढाताणीत सापडलेल्या मुलाला शाळा आपली वाटते की परकी, यावर त्या संमेलनाचे खरे मोल अवलंबून असते.

स्नेहसंमेलन हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. त्याचे बाह्य स्वरूप सर्वपरिचित आहे. क्रीडास्पर्धा होतात, हस्तकलेचे व चित्रांचे प्रदर्शन मांडले जाते, मुले स्वतः रांधलेले पदार्थ आनंदमेळ्यात विकतात, शेलापागोट्यांत एकमेकांची गोड थट्टा करतात, आणि अखेरीस विविध गुणदर्शन व पारितोषिक वितरण होते. पण या साऱ्याचा हेतू एकच असतो. वर्षभर इयत्तांच्या व तुकड्यांच्या कप्प्यांत विभागलेली शाळा एकदा तरी अखंड कुटुंब म्हणून एकत्र यावी, हा तो हेतू होय.

अमेरिकेत हीच भावना निराळ्या रीतीने प्रकट झाली. तेथील विद्यापीठांनी माजी विद्यार्थ्यांना फुटबॉलच्या सामन्याचे निमित्त करून घरी बोलाविण्याची प्रथा पाडली. १९०९ साली बेलर, १९१० साली इलिनॉय आणि १९११ साली मिसूरी या विद्यापीठांनी असे सोहळे केले, आणि पहिला मान कोणाचा याविषयी तेथे अद्याप वाद चालतो. पुढे ही प्रथा माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचली. त्या सोहळ्याला ते 'होमकमिंग', म्हणजे घरी परतणे, असे म्हणतात. मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहीत, कारण त्याच्यापाशी 'माहेर' हा शब्द आहे. सासरी गेलेली लेक सणावाराला परत येते, तद्वत् शाळा सोडून गेलेला विद्यार्थी तिच्या अंगणात परत येतो.

परंतु माहेरची ओढ निमंत्रणपत्रिकेने उत्पन्न होत नाही. ज्या घरात काही काळ आपण कामाला आलो, त्याच घराची ओढ लागते. शाळेतील निरनिराळ्या मंडळांचे महत्त्व येथेच आहे. वाङ्मय मंडळ हस्तलिखित अंक काढते, विज्ञान मंडळ प्रयोग मांडते, हरितसेना झाडे जगविते, शालेय मंत्रिमंडळातील मुले पाण्याची व स्वच्छतेची व्यवस्था पाहतात. भित्तिपत्रकाचा मजकूर दर आठवड्यास बदलण्याचे काम ज्या मुलीकडे असते, ती आजारी पडली तर फलक रिकामा राहतो. आपल्यावाचून शाळेचे काही अडते, ही जाणीव तिला त्या रिकाम्या फलकातून होते. शाळेविषयीचा अभिमान या जाणिवेतून वाढतो; घोषणा व गणवेश ही त्याची केवळ चिन्हे होत.

बालचर चळवळीचे मर्मही हेच होते. १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी विसेक मुलांचे शिबिर भरविले, तेव्हा त्यांच्या चार तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीचे नायकत्व एका मुलाकडेच सोपविले. मुलांवर विश्वास टाकला असता ती त्या विश्वासास उतरतात, हा त्या प्रयोगाचा पाया होता.

यवतमाळला याहून निकटचा दाखला आहे. १९०५ च्या वंगभंगानंतर राष्ट्रीय शिक्षणाची लाट आली, तेव्हा या शहरात विद्यागृह नावाची राष्ट्रीय शाळा चालविली गेली. 'वंदे मातरम्'च्या घोषणेमुळे नागपूरच्या नील सिटी हायस्कुलातून काढून टाकलेले केशव हेडगेवार तेथे शिकावयास आले होते. सरकारी रोषापुढे ती शाळा फार वर्षे टिकू शकली नाही. तथापि शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही तिचे नाव घेतले जाते. इमारत व अनुदान यांवाचूनही शाळा लोकांच्या स्मरणात राहू शकते, हे यावरून दिसते.

आजच्या संमेलनांपुढे मात्र वेगळी अडचण आहे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात वऱ्हाडी बोलीबरोबर गोंडी, कोलामी व बंजारा बोलीही घरोघर बोलल्या जातात. पोडावरचे किंवा तांड्यावरचे मूल वर्गात पुस्तकी मराठी चाचरत वाचते. पण संमेलनात आपल्या आजीचे गाणे गाताना ते चाचरत नाही. ज्या दिवशी आईची बोली शाळेच्या व्यासपीठावर मानाने येते, त्या दिवशी त्या मुलाचे घर व शाळा यांतील अंतर पुष्कळ कमी होते. असे असता अनेक ठिकाणी चित्रपटातील ध्वनिमुद्रित गाणी, भाड्याचे झगमगीत पोशाख आणि दरवर्षी तेच चार चेहरे, एवढ्यावरच समाधान मानले जाते. पोशाखाचे भाडे ज्याच्या बापाला परवडत नाही, आणि वेचणीच्या मजुरीसाठी ज्याला तालीम बुडवावी लागते, तो मुलगा प्रेक्षकांतही शेवटच्या रांगेत बसतो. पुढे तो शाळा सोडतो, तेव्हा त्याची उणीव कोणास भासत नाही.

यावर उपाय खर्चिक नाहीत. तालमींच्या वेळा वेचणीचे दिवस पाहून ठरवाव्या. पोशाख घरातील धोतर-लुगड्यांतून उभे करावे. पडदा ओढणे, दिवे सांभाळणे, पाहुण्यांस पाणी देणे, यांपैकी एकतरी काम प्रत्येकाच्या नावावर लिहावे, व ते नाव फलकावर लावावे.

व्यासपीठ कोणास द्यावे, याचा एक धडा या शहराने मोठ्या संमेलनातही पाहिला आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. शेतकरी पतीने आत्महत्या केल्यानंतर संसाराचा भार एकटीने उचलणारी ही स्त्री होती. जिची जागा एरवी श्रोत्यांत असती, तिचे बोलणे साऱ्या महाराष्ट्राने ऐकले.

राहता राहिला माजी विद्यार्थ्यांचा प्रश्न. अलीकडे दहावीच्या जुन्या तुकड्या भ्रमणध्वनीवरील गटांतून एकमेकांचा शोध घेतात, आणि दिवाळीच्या सुटीत गावी आल्या की मेळावे भरवितात. गुरुजनांचा सत्कार होतो, छायाचित्रे निघतात, जुन्या बाकांवर बसून हसणे-खिदळणे होते. हे सारे उचितच आहे. पण माहेरी आलेली लेक धाकट्या भावंडांची विचारपूस केल्यावाचून परत जात नाही. वेचणीच्या दिवसांत कोणते मूल शाळेत दिसत नाही, कोणाची परीक्षेची फी भरावयाची राहिली आहे, ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप का आहे, एवढे तीन प्रश्न जरी प्रत्येक मेळाव्याने मुख्याध्यापकांस विचारले, तरी पुढल्या संमेलनात शेवटच्या रांगेतील काही मुले पडद्याच्या पलीकडे दिसू लागतील.