मनोरा नसलेल्या धावपट्टीवर

बंगळूर आणि विमान यांचा संबंध जुना आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना उभारला. त्याच कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले ‘एच.टी.-२’ हे शिक्षण-विमान १९५१ साली उडाले आणि १९५८ साली ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे चिमुकले विमान आकाशात झेपावले. पुढे १९९३ साली याच शहरातील राष्ट्रीय प्रयोगशाळेने ‘हंसा’ उडविले. शहराच्या उत्तरेस जक्कूर येथे कर्नाटक शासनाचे वैमानिक प्रशिक्षण विद्यालय आहे. असे विद्यार्थी ज्या लहान धावपट्ट्यांवर पहिले धडे गिरवितात, त्यांच्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

मोठ्या विमानतळावर उंच मनोऱ्यात नियंत्रक बसलेला असतो. कोणी केव्हा उतरावे, कोणी थांबावे, हे तो सांगतो. परंतु आपल्या देशातील कित्येक लहान धावपट्ट्यांवर असा मनोरा नसतो. बारामतीच्या विमानतळावर अनेक वर्षे तेथील शिक्षक व वैमानिक हेच इतर विमानांना वाहतुकीची माहिती देत असत. अशा ठिकाणी दोन विमानांची टक्कर होऊ नये याची काळजी कोण घेतो? उत्तर एकच आहे : प्रत्येक जण.

ठरलेली वाट

पहिला उपाय म्हणजे सर्वांनी एकाच वाटेने जाणे. या वाटेला वैमानिक ‘सर्किट’ म्हणतात. धावपट्टी ही जणू एका लांबट चौकोनाची एक बाजू. वाऱ्याला सामोरे जाऊन विमान वर चढते, डावीकडे वळते, पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर असे उलट दिशेने जाते आणि आणखी दोन डावी वळणे घेऊन उतरते. उंची सामान्यतः जमिनीपासून हजार फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर. वारा कोठून येतो हे खांबावरील कापडी पिशवी दाखविते. वाट ठरलेली असली की दुसरे विमान कोठे शोधावे हेही ठरते.

मार्ग कोणी कोणाला द्यावा याचेही आंतरराष्ट्रीय नियम आहेत. दोन विमाने समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळावे. रस्त्यावर डावी बाजू धरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला ही सवय नव्याने लावून घ्यावी लागते. वाटा एकमेकींना छेदत असतील तर उजव्या हाताच्या विमानाला आधी जाऊ द्यावे. उतरणाऱ्या विमानांत जे खाली असेल त्याचा मान पहिला. मात्र त्याने दुसऱ्याच्या पुढे घुसण्यासाठी या नियमाचा आधार घेऊ नये.

डोळ्यांची मर्यादा

दुसरा उपाय म्हणजे पाहणे, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. ज्या विमानाशी आपली टक्कर होणार असते, ते काचेतून पाहताना जागचे हलत नाही. एकाच ठिकाणी राहून ते हळूहळू मोठे होत जाते. हलणारी वस्तू आपला डोळा चटकन टिपतो, स्थिर ठिपका मात्र त्याच्या नजरेतून निसटतो. एस.टी.च्या खिडकीतून आडव्या रस्त्याने येणारे वाहन पाहा : ते मागे पडत असेल किंवा पुढे सरकत असेल तर भय नाही. जे एकाच जागी दिसत राहते, ते चौकात आपल्याबरोबरच पोहोचणार असते.

दुसरे विमान दिसल्यापासून धोका ओळखून आपले विमान वळेपर्यंत सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असा अमेरिकन विमान वाहतूक खात्याचा हिशेब आहे. ताशी १८५ किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर येत असतील तर तेवढ्या वेळात त्यांच्यातील सुमारे १३०० मीटर अंतर संपते. इतक्या दूरवरून अकरा मीटर पंखांचे विमान चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे, पण केवळ रेघेसारखे दिसते.

शिवाय विमानाचे पंखही दृष्टी अडवितात. ‘पुष्पक’चे पंख वैमानिकाच्या डोक्यावर, तर ‘हंसा’चे त्याच्या बैठकीच्या खाली. एकाला वरचे नीट दिसत नाही, दुसऱ्याला खालचे. खालचे पंख असलेले विमान वर आणि वरचे पंख असलेले विमान खाली, अशी दोन्ही एकाच धावपट्टीकडे उतरू लागली, तर दोघांपैकी एकालाही दुसरे दिसणार नाही. म्हणूनच वळण्यापूर्वी पंख किंचित उचलून पाहावे, वरून सर्किटमध्ये उतरत येण्याऐवजी आधीच त्याच्या उंचीवर येऊन मग आत शिरावे, असे शिक्षक बजावतात.

बोलणे आणि ऐकणे

तिसरा उपाय रेडिओचा. आपण कोण, कोठे, किती उंचीवर आणि काय करणार, हे ठरलेल्या लहरीवर सांगत राहावे. परंतु नुसते बोलणे पुरत नाही. १८ ऑगस्ट १९२२ नव्हे, अगदी अलीकडे, १८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेतील वॉटसनव्हिल येथील मनोरा नसलेल्या विमानतळावर दोन विमाने उतरताना आदळून तिघे मृत्युमुखी पडले. दोघेही वैमानिक रेडिओवर आपापली जागा सांगत होते. एक लहान विमान सर्किटमधून येत होते. दुसरे दोन इंजिनांचे विमान सरळ आणि फार वेगाने मागून आले.

मग यंत्रे काय करतात, असे आपण विचाराल. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात ३४९ जीव गेल्यानंतर आपल्या देशात मोठ्या विमानांवर टक्करसूचक यंत्र सक्तीचे झाले. पण शिक्षणाच्या लहान विमानांत ते सहसा नसते. आणि जेथे असते तेथेही जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली ते बचावाची आज्ञा देत नाही. नेमकी हीच सर्किटची उंची.

वाचकहो, आपल्या घरातील मुलगा वा मुलगी विमानविद्या शिकण्यास निघाली, तर शुल्क आणि वसतिगृह यांच्याबरोबर आणखीही विचारपूस करावी. धावपट्टीवर मनोरा आहे काय? एका वेळी किती विमाने सर्किटमध्ये असतात? आणि शंका येताच उतरणे सोडून पुन्हा वर जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे शाबासकी मिळते की बोलणी खावी लागतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्ष देऊन ऐकावे.