उभ्या ट्रकाची थरथर

अमेरिकेतील शेतांवर आणि बांधकामाच्या जागी राबलेल्या पिक-अप ट्रकांमध्ये फोर्ड कंपनीचे ३०० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ४.९ लिटरचे एंजिन चिवटपणाबद्दल ख्यातनाम आहे. एका रांगेत सहा सिलिंडर असलेले हे एंजिन १९६५ पासून १९९६ पर्यंत ट्रकांत बसविले जात असे. १९८७ च्या सुमारास इंधन-अंतःक्षेपणाची योजना येईपर्यंत ते कार्बुरेटरवरच चाले. अशा जुन्या ट्रकाची एक तक्रार वारंवार ऐकू येते. हमरस्त्यावर तो उत्तम धावतो, परंतु सिग्नलपाशी उभा राहिला की सारे धूड थरथरू लागते आणि अखेर एंजिन बंद पडते.

मालक बहुधा प्रथम कार्बुरेटरचा स्क्रू पिळून आयडलिंगचा वेग वाढवितो. त्याने रोग झाकला जातो, इतकेच. चौकात वळतानाच एंजिन बंद पडले तर पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते, ही गोष्ट अशा वेळी ध्यानात ठेवलेली बरी.

आयडलिंगच्या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. दट्ट्ये हवा ओढू पाहतात, पण वाट अरुंद. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये मोठी निर्वात स्थिती निर्माण होते. एखादी रबरी नळी चिरली किंवा कार्बुरेटरखालचे गॅस्केट सुटले, तर कार्बुरेटरला वगळून हवा आत शिरते आणि मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते. वेगात असताना एंजिन इतकी हवा घेत असते, की ही चोरटी हवा तिच्यात नगण्य ठरते. उभ्या ट्रकात मात्र तीच घातक होते.

म्हणून पहिले उपकरण निर्वातमापक. निरोगी एंजिनात त्याचा काटा समुद्रसपाटीवर पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांदरम्यान स्थिर राहतो. दर हजार फुटांच्या उंचीमागे सुमारे एक इंच वजा करावा लागतो; डेन्व्हरसारख्या उंचावरील शहरात हे विसरले, तर धडधाकट एंजिनही आजारी ठरेल. काटा स्थिर पण खाली असेल, तर गळती किंवा उशिरा पडणारी ठिणगी संभवते. ठरावीक अंतराने तो झटका देत असेल, तर एखादी झडप नीट बसत नसावी. गळती शोधण्यासाठी नळ्या एकेक करून चिमटीत धराव्यात आणि गॅस्केटच्या कडेने साबणाचे पाणी सोडावे. एंजिनाचा सूर बदलला, की जागा सापडली. ब्रेकच्या साहाय्यक डब्याकडे जाणारी जाड नळी अनेकांच्या नजरेतून सुटते. पेडल दाबताच सूसू आवाज येऊन थरथर बदलत असेल, तर तो डबाच फुटलेला असू शकतो, आणि मग प्रश्न केवळ आयडलिंगचा राहत नाही.

गळती न आढळल्यास सिलिंडरांची पाळीपाळीने परीक्षा घ्यावी. एका प्लगची ठिणगी बंद केली की वेग घसरला पाहिजे. ज्या सिलिंडरच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करीत नव्हता. सुटी केलेली तार मात्र एंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावी. अन्यथा विजेचा उच्च दाब दुसरी वाट शोधतो, आणि ती कधी कारागिराच्या हातातून जाते.

थंड असता ठीक, तापल्यावर बंद आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू, हे लक्षण वेगळे. येथे बंद पडलेल्या क्षणीच तपासणी व्हावयास हवी. स्टार्टर फिरवूनही ठिणगी नसेल, तर इग्निशन कॉइलवर किंवा इलेक्ट्रॉनिक मोड्यूलवर संशय घ्यावा. ठिणगी असेल, तर हवेचा फिल्टर काढून थ्रॉटल हाताने हलवावा. पेट्रोलची बारीक धार उडाली नाही, तर कार्बुरेटरची टाकी कोरडी आहे. मग पेट्रोलचा फिल्टर, पंप आणि गरम एंजिनाजवळून जाणारी नळी यांची पाळी येते. कार्बुरेटर उघडण्याचे काम त्यानंतरचे.