कलावंतांची वस्ती टिकते कशी?

ओपन स्टुडिओ म्हणजे कलावंताने आपल्या कामाच्या जागेचे दार लोकांसाठी उघडणे. गॅलरीत तयार चित्र दिसते. स्टुडिओत ते घडताना दिसते आणि दलालाशिवाय थेट कलावंताकडून घेता येते.

अशा स्टुडिओंमुळे ओस पडलेली पेठ पुन्हा गजबजते. पण मग भाडी वाढतात. न्यूयॉर्कच्या सोहोत हेच झाले. १९६० च्या दशकात कलावंत तिथल्या रिकाम्या कारखान्यांत राहू लागले, त्यांनी त्या भागाला नाव मिळवून दिले आणि पुढे भाडे न परवडल्याने अनेकांना तोच भाग सोडावा लागला.

अमेरिकेतल्याच केंटकी राज्यातील पडूका शहराने वेगळी वाट धरली. तिथला लोअरटाउन हा जुना भाग मोडकळीस आला होता. २००० साली शहराने बाहेरगावच्या कलावंतांना तिथे बोलावले. काही पडकी घरे अवघ्या एका डॉलरला दिली. घराच्या दुरुस्तीसाठी स्थानिक बँकेने कर्ज दिले. एकाच घरात राहायला, काम करायला आणि कला विकायला परवानगी मिळाली. कलावंत भाडेकरू नव्हे, घरमालक झाले.

म्हणून आपल्या शहरात कोणी कला महोत्सवाची घोषणा केली, की आम्ही आधी विचारतो : कलावंताच्या नावावर काय होणार? महोत्सव चार दिवसांचा असतो. घराचा कागद मात्र हाती राहतो.