हिमालयाआधी सह्याद्री : देहू ते भीमाशंकर वनौषधी-तीर्थयात्रा

चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या आरंभी, अभयामलकीय रसायनपादात, हिमालयास औषधींची श्रेष्ठ भूमी म्हटले आहे. भावप्रकाशकारांनीही हरीतकीच्या सात जाती वर्णन करताना चेतकी ही हिमाचलातील असल्याचे नमूद केले आहे. त्यामुळे हरिद्वार, ऋषिकेश, देहरादून या हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशाची ओढ वैद्यवर्गास असणे स्वाभाविक आहे. तीर्थदर्शन व वनस्पतिदर्शन ही दोन्ही फळे तेथे एकाच प्रवासात पदरात पडतात. तथापि तळवडे-चाकण या औद्योगिक पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या आम्हां वैद्यांना व औषधी दुकानदारांना तशीच एक यात्रा शंभर किलोमीटरच्या आत घडू शकते. देहू, भंडारा, भामचंद्र, आळंदी आणि भीमाशंकर हा तिचा क्रम होय. आमच्या मते ती आधी करावी. कारण आमच्या दुकानातील फडताळाचा ज्या रानाशी थेट संबंध आहे, ते रान हिमालयातले नसून येथले आहे.

यात्रेस निघण्यापूर्वी संहितांतील दोन सूचना स्मरणात ठेवणे इष्ट. पहिली अशी की, वनस्पतींचे नाव व रूप गुराखी, तापस, व्याध व इतर वनवासी यांच्याकडून जाणून घ्यावे. चरक व सुश्रुत या दोघांनीही हे सांगितले आहे. दुसरी सूचना औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी याविषयीची आहे. सुश्रुताच्या भूमिप्रविभागीय अध्यायात आणि चरकाच्या मदनकल्पात वर्ज्य भूमींची यादी येते. तीत वारूळ व स्मशान यांच्याबरोबरच देवस्थानाची जागाही सांगितली आहे. म्हणजे तीर्थक्षेत्री जावे ते वनस्पती ओळखण्यासाठी, पिशव्या भरण्यासाठी नव्हे, असा बोध त्यातून घेता येतो.

तळवड्याहून देहू अगदी जवळ. तेथे इंद्रायणीकाठी तुकोबारायांच्या वैकुंठगमनस्थानी नांदुरकीचा वृक्ष आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेस, तुकाराम बीजेच्या माध्यान्ही, तो हलतो अशी भाविकांची श्रद्धा असून त्या दिवशी तेथे अपार गर्दी लोटते. नांदुरकी ही वडा-पिंपळाच्या कुळातील. ग्रंथोक्त नंदीवृक्ष तो हाच की अन्य, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नाव एक आणि द्रव्ये अनेक, ही द्रव्यगुणशास्त्राची जुनी अडचण या पहिल्याच मुक्कामी समोर उभी राहते.

जवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबा चिंतनास बसत. तेथील लेणी त्याहून कितीतरी प्राचीन, बौद्धकालीन आहेत. चाकणच्या बाजूस भामचंद्र डोंगर असून तेथे तुकोबांना साक्षात्कार झाला अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील अशा कोरड्या डोंगरउतारांवर माघ-फाल्गुनात धायटी लाल फुलांनी बहरते. आसवारिष्टांच्या संधानासाठी जे धातकीपुष्प आपण पोत्याने विकत घेतो, ते झुडपावर पाहिलेले वैद्य मात्र थोडेच असतील. भामचंद्राच्या पायथ्याशी आता कारखान्यांची वस्ती झाली आहे. तेथील शिंदे-वासुली परिसरात येऊ घातलेल्या एका रासायनिक संशोधन केंद्राविरुद्ध २००८ साली ग्रामस्थ व वारकरी यांनी मोठे आंदोलन केले आणि पुढे तो प्रकल्प तेथून हलला. डोंगराचे पावित्र्य व पाण्याची शुद्धता हे दोन निराळे प्रश्न नाहीत, हे त्या आंदोलनाने दाखवून दिले.

आळंदीस ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली संजीवन समाधी घेतली. समाधिस्थानाजवळचा अजानवृक्ष सर्वांना परिचित आहे. त्याची मुळी माउलींच्या कंठास वेढली होती व ती एकनाथ महाराजांनी सोडविली, अशी आख्यायिका सांगतात. वनस्पतिशास्त्रात या वृक्षाचे नाव एहरेशिया लेव्हिस असे आहे. विदर्भात त्यास खांडूचक्का म्हणतात व अस्थिभग्नावर त्याची पाने बांधण्याचा लोकप्रघात आहे. ज्या वृक्षाखाली आपल्याकडे पारायण होते, त्याच जातीचा वृक्ष अन्यत्र हाडवैद्याच्या उपयोगी पडतो, ही गोष्ट मननीय आहे. त्याच आळंदीच्या घाटावर अलीकडच्या वर्षांत इंद्रायणीच्या पात्रात वारंवार पांढरा फेस तरंगताना दिसला आहे. यात्रेकरू वैद्याने तोही पाहावा; अजानवृक्षाइतकाच तो आपल्या परिसराचा भाग आहे.

आळंदीहून चाकण, राजगुरुनगर, चास, वाडा या मार्गाने गेल्यास घाटमाथ्यावर भीमाशंकर येते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक असून भीमेचा उगम येथलाच. पायी जाण्याची सवय असणाऱ्यांनी भोरगिरीचे कोटेश्वर मंदिर पाहून तेथून गुप्त भीमाशंकरच्या वाटेने चढावे. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे अरण्य १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेकरू हे त्याचे भूषण. हिरडा, बेहडा, जांभूळ, अंजन, गेळ, शिकेकाई, गारंबी अशी समृद्धी येथे व आसपासच्या रानात पाहावयास मिळते. देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांत कुऱ्हाड चालवायची नाही, हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. संहितेतील वर्ज्य भूमी आणि गावकऱ्यांचा देवराईचा दंडक यांचे फलित एकच आहे.

आता मुख्य मुद्दा हिरड्याचा. खेड, आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी व इतर आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात कोवळी फळे वेचून, वाळवून बाळहिरडा तयार करतात. वर्षातील रोख मिळकतीचे त्यांचे हे एक प्रमुख साधन आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची झाडे मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडली. नुकसानभरपाईसाठी या कुटुंबांना पुढे दीर्घकाळ आंदोलने करावी लागली. पडलेल्या जुन्या झाडाची जागा नवे रोप एक-दोन पावसाळ्यांत घेत नाही, त्याला वर्षे लागतात. आमच्या दुकानातील त्रिफळा चूर्णाच्या डब्यावर मात्र या वादळाची खूण कोठेही उमटत नाही.

ही खूण उमटावी असे आम्हांस वाटते. त्यासाठी प्रथम खरेदीतील भेद जाणावा. रसायनार्थ घ्यावयाची हरीतकी व आमलकी ही फळे योग्य काळी, रसवीर्याने परिपूर्ण झालेली असावीत, असा चरकाचा दंडक आहे. बाळहिरडा हे कोवळे फळ. त्याची योजना मुख्यत्वे अनुलोमनार्थ होते. पक्व हिरड्याऐवजी बाळहिरडा, तसेच विडंगाच्या दोन जातींपैकी हाती येईल ती, ही बाजारातील सरमिसळ झाड पाहिलेल्या नजरेस लवकर कळते. दुसरे असे की, माल कोणत्या तालुक्यातला, कोणत्या हंगामातला, आणि वेचणाऱ्यास काय भाव मिळाला, हे तीन प्रश्न प्रत्येक औषधी दुकानदाराने व्यापाऱ्यास विचारावेत. शक्य तेथे आदिवासी सहकारी संस्थांकडून थेट खरेदी करावी. वेचणाऱ्यास झाड राखणे परवडले, तरच झाड राहील.

यात्रेचे नियोजन सोपे आहे. आश्विन ते फाल्गुन हा काळ उत्तम. धायटी पाहावयाची असल्यास माघानंतर निघावे. श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस भीमाशंकरी गर्दी असते, तेव्हा वनस्पतिनिरीक्षण होत नाही. निघण्यापूर्वी दर्शनाच्या व्यवस्थेची व अरण्यातील वाटांच्या परवानगीची चौकशी करावी. अभयारण्यातून पान, साल, मूळ काहीही परवानगीवाचून आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. सोबत वही, भिंग व छायाचित्रक असावा, आणि वाट दाखविण्यास गावातील जाणता माणूस घ्यावा. त्यास योग्य मोबदला द्यावा. ती आपल्या गुरुजनांची दक्षिणा समजावी.

हिमालय आहेच, त्याच्या दर्शनाची इच्छा प्रत्येकाने अवश्य बाळगावी. परंतु तेथील चेतकीचा शोध घेण्यापूर्वी भीमाशंकरच्या वाटेवरील हिरडा आपल्या ओळखीचा झालेला असावा आणि तो वेचणारा माणूसही.