अस्थिसुषिरतेवरील औषधे आणि नैसर्गिक पूरके

अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस) या हाडे ठिसूळ करणाऱ्या विकारावर दोन प्रकारचे उपाय प्रचलित आहेत. एक म्हणजे वैद्यकीय चाचण्यांतून गेलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे. आणि दुसरा म्हणजे कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, के जीवनसत्त्व, सोयाबीनमधील घटक, वनौषधी इत्यादी पूरके. औषधांच्या काही दुर्मिळ पण गंभीर दुष्परिणामांमुळे अनेक रुग्ण पूरकांकडे वळतात. या निवडीत दोन गोष्टी तपासाव्या लागतात: उपायाने अस्थिभंग प्रत्यक्षात किती टळतात आणि त्यापासून किती जणांना अपाय होतो.

पार्श्वभूमी

हाड ही सजीव ऊती आहे. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवतात आणि अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड घडवतात. तिशीपर्यंत हाडांचे वस्तुमान सर्वाधिक होते. त्यानंतर झीज हळूहळू वरचढ ठरते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्याने ही झीज वेगाने होते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणे, धूम्रपान, अतिमद्यपान, कमी वजन आणि हालचालींचा अभाव यांमुळेही धोका वाढतो.

हाडांची घनता डेक्सा या क्ष-किरण तपासणीने मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार टी-गुणांक उणे २.५ किंवा त्याहून कमी असल्यास अस्थिसुषिरता मानली जाते. हाड मोडेपर्यंत या विकाराची सहसा कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. मणका, मनगट आणि खुबा येथील अस्थिभंग विशेष आढळतात. त्यांपैकी खुब्याचा अस्थिभंग सर्वांत गंभीर असतो. अशा वृद्ध रुग्णांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्ण वर्षभरात दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे वावरता येत नाही.

औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम

बिसफॉस्फोनेट

अ‍ॅलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, आयबँड्रोनेट आणि झोलेड्रोनिक आम्ल ही या गटातील प्रमुख औषधे आहेत. ती हाडात साठून राहतात आणि अस्थिभक्षक पेशींचे कार्य मंदावतात. अ‍ॅलेंड्रोनेटला अमेरिकेत १९९५ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. आधीच मणक्याचा अस्थिभंग झालेल्या २,०२७ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे तीन वर्षांत मणक्याचे नवे अस्थिभंग औषधहीन गोळी घेणाऱ्या गटात १५ टक्के, तर अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्या गटात ८ टक्के स्त्रियांना झाले. खुब्याच्या अस्थिभंगाचे प्रमाण २.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आले. वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक आम्लाच्या २००७ मधील चाचणीत मणक्याचे अस्थिभंग १०.९ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आणि खुब्याचे २.५ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले.

या औषधांचे सामान्य दुष्परिणाम असे: गोळ्यांमुळे अन्ननलिकेचा दाह व छातीत जळजळ होऊ शकते. म्हणून अ‍ॅलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास आडवे न होण्याची सूचना असते. शिरेतून दिलेल्या पहिल्या मात्रेनंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना ताप, अंगदुखी आणि कणकण जाणवते; ती काही दिवसांत ओसरते. मूत्रपिंडांचे कार्य फार मंदावलेल्या रुग्णांना झोलेड्रोनिक आम्ल देत नाहीत.

दोन दुर्मिळ दुष्परिणामांची चर्चा सर्वाधिक होते. पहिला, जबड्याच्या हाडाचा ऊतिमृत्यू. त्याकडे २००३ पासून लक्ष वेधले गेले. बहुतांश रुग्ण कर्करोगासाठी मोठ्या व वारंवार मात्रा घेणारे होते. अस्थिसुषिरतेच्या मात्रेत हे प्रमाण फारच कमी असून ते वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक या पल्ल्यात सांगितले जाते. दात काढण्यासारखे उपचार औषध सुरू करण्याआधी उरकून घेतल्यास हा धोका आणखी घटतो. दुसरा, मांडीच्या हाडाचा असामान्य अस्थिभंग. यात मोठा आघात न होताही मांडीचे हाड आडवे तुटते. त्याआधी अनेकदा काही आठवडे वा महिने मांडीत किंवा जांघेत दुखत राहते. औषध जितकी अधिक वर्षे घेतले जाते तितका हा धोका वाढतो आणि थांबवल्यावर तो लवकर कमी होतो.

डेनोसुमॅब

दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचले जाणारे हे प्रतिपिंड औषध २०१० मध्ये वापरात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने तीन वर्षांतील मणक्याचे अस्थिभंग ७.२ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आणले. ते हाडात साठत नाही. त्यामुळे मात्रा चुकल्यास वा औषध अचानक सोडल्यास हाडांची झीज उसळी घेते आणि काही रुग्णांत एकाच वेळी अनेक मणके खचतात. म्हणून ते थांबवताना सहसा बिसफॉस्फोनेट सुरू करतात. मूत्रपिंडाचा प्रगत विकार असलेल्यांत रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकते.

हाड घडवणारी औषधे

टेरिपॅराटाइड हे रोज टोचून घ्यायचे औषध २००२ पासून उपलब्ध आहे. उंदरांत मोठ्या मात्रेने हाडाचा कर्करोग आढळल्याने त्यावर ठळक इशारा छापला जाई. मनुष्यांत तसा धोका न दिसल्याने अमेरिकेत हा इशारा २०२० मध्ये काढण्यात आला. रोमोसोझुमॅब (२०१९) हे वर्षभर दरमहा दिले जाते. मागील वर्षात हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झालेल्यांना ते देऊ नये असा इशारा त्यावर आहे.

संप्रेरके आणि रॅलॉक्सिफेन

इस्ट्रोजेनमुळे अस्थिभंग कमी होतात. मात्र अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील चाचणीत (२००२) इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेतल्यास दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला खुब्याचे ५ अस्थिभंग टळले, तर स्तनाच्या कर्करोगाचे ८ आणि पक्षाघाताचे ८ रुग्ण अधिक आढळले. रॅलॉक्सिफेन मणक्याचे अस्थिभंग कमी करते आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही घटवते. पण खुब्याचे अस्थिभंग त्याने कमी झाल्याचे दिसलेले नाही. शिवाय रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

नैसर्गिक पूरके

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व

हाडांसाठी दोन्ही आवश्यक आहेत. परंतु त्यांच्या कमतरतेची भरपाई करणे आणि पुरेसे असताना ती अधिक घेणे यांचे परिणाम वेगळे असतात. फ्रान्समधील निवासी वृद्धाश्रमांतील ३,२७० स्त्रियांवरील चाचणीत (१९९२) कॅल्शियम व रोज ८०० एकक ड जीवनसत्त्व दिल्याने खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी झाले. या स्त्रियांचे सरासरी वय ८४ होते आणि त्यांच्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास होती. याउलट अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांवरील चाचणीत (२००६) खुब्याच्या अस्थिभंगात लक्षणीय घट दिसली नाही आणि मुतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढले. सर्वसाधारणपणे निरोगी अशा २५,८७१ स्त्री-पुरुषांवरील चाचणीत (२०२२) रोज २,००० एकक ड जीवनसत्त्वाने अस्थिभंग कमी झाले नाहीत. ऑस्ट्रेलियातील वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख एककांची मात्रा दिल्यावर (२०१०) पडण्याचे आणि अस्थिभंगाचे प्रमाण उलट वाढले.

भारतात मुबलक ऊन असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता व्यापक आहे. घरात वा कार्यालयात जाणारा दिवस, अंग झाकणारी वेशभूषा, हवेचे प्रदूषण आणि त्वचेचा गडद वर्ण ही त्याची कारणे सांगितली जातात. त्यामुळे येथे कमतरता तपासून ती भरून काढण्याला महत्त्व आहे.

के जीवनसत्त्व

अस्थिनिर्मितीतील एका प्रथिनाला कार्यक्षम करण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. जपानमध्ये त्याचा एक प्रकार (मेनाटेट्रेनोन) मोठ्या मात्रेत औषध म्हणून वापरला जातो. तथापि अस्थिभंग टळल्याचा पुरावा अनिश्चित आहे. त्यातील काही जपानी अभ्यास संशोधनातील गैरप्रकारांमुळे मागे घेण्यात आले. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वाची गोळी परस्पर सुरू केल्यास वॉरफॅरिनचा परिणाम कमी होऊन गुठळी होण्याचा धोका असतो.

स्ट्रॉन्शियम

स्ट्रॉन्शियम रॅनेलेट हे युरोपात औषध होते. हृदय व रक्तवाहिन्यांच्या धोक्यामुळे २०१४ मध्ये त्याच्या वापरावर कडक निर्बंध आले. स्ट्रॉन्शियम सायट्रेट मात्र पूरक म्हणून विकले जाते. स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमपेक्षा जड असल्याने डेक्सा तपासणीत घनता प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. त्यामुळे सुधारलेला आकडा हाड तितके बळकट झाल्याचा पुरावा ठरत नाही.

सोया आयसोफ्लॅव्होन

हे वनस्पतिजन्य घटक इस्ट्रोजेनशी साधर्म्य राखतात. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांतील २४८ स्त्रियांना दोन वर्षे रोज २०० मिलिग्रॅम देऊन केलेल्या चाचणीत (२०११) हाडांची झीज थांबली नाही.

आयुर्वेदिक वनौषधी आणि भस्मे

कांडवेल (हाडजोड) आणि लाक्षा यांचा मोडलेल्या हाडासाठी पारंपरिक उपयोग आहे. कांडवेलीवर प्राण्यांत आणि मनुष्यांच्या लहान गटांत अभ्यास झाले आहेत. अस्थिसुषिरतेतील अस्थिभंग टळतात हे दाखवणाऱ्या मोठ्या चाचण्या मात्र नाहीत. प्रवाळ भस्म व शंख भस्म यांत प्रामुख्याने कॅल्शियमचेच क्षार असतात. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीत (२००४) १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिसे हाडातच साठते, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

तुलना

औषधे आणि पूरके यांच्यातील निवड अनेकदा ‘रासायनिक की नैसर्गिक’ अशी मांडली जाते. चाचण्यांची रचना पाहता ही मांडणी अपुरी आहे. झोलेड्रोनिक आम्ल आणि डेनोसुमॅब यांच्या प्रमुख चाचण्यांत दोन्ही गटांना कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दिले गेले होते. म्हणजे ज्या गटात मणक्याचे अस्थिभंग १०.९ टक्के झाले तो गट प्रत्यक्षात पूरके घेणारा होता आणि ३.३ टक्के हा आकडा पूरकांसह औषध घेणाऱ्यांचा आहे. कॅल्शियम कमी असताना ही औषधे दिल्यास रक्तातील कॅल्शियम घसरू शकते. त्यामुळे या दोन पूरकांना औषधाचा पर्याय न मानता उपचाराचा पाया मानले जाते. मात्र कॅल्शियमची आणि अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी एकाच वेळी घेतल्यास अ‍ॅलेंड्रोनेट शोषले जात नाही.

लाभ व धोका यांचे गुणोत्तर सर्वांसाठी सारखे नसते. कॅलिफोर्नियातील १,९६,१२९ स्त्रियांच्या नोंदींवर आधारित अभ्यासानुसार (२०२०) तीन वर्षे बिसफॉस्फोनेट घेतलेल्या दर दहा हजार श्वेतवर्णीय स्त्रियांमागे खुब्याचे १४९ अस्थिभंग टळले आणि औषधामुळे मांडीचे २ असामान्य अस्थिभंग झाले. आशियाई वंशाच्या स्त्रियांत हे आकडे अनुक्रमे ९१ आणि ८ होते. दोन्ही गटांत लाभ अधिक असला तरी आशियाई स्त्रियांत त्याचे पारडे तितके जड नाही. धोका मुळातच कमी असलेल्या, केवळ सौम्य झीज झालेल्या व्यक्तीला औषधाचा लाभ आणखी कमी मिळतो. उलट आधी एकदा अस्थिभंग झालेल्या वृद्ध व्यक्तीसाठी औषध न घेण्याचा धोका मोठा असतो.

दुष्परिणामांच्या बातम्यांचा परिणाम औषधांच्या वापरावरही झाला. अमेरिकेत २००८ ते २०१२ या काळात तोंडाने घ्यायच्या बिसफॉस्फोनेटचा वापर निम्म्याहून अधिक घटला. त्यानंतर तेथील वृद्ध स्त्रियांतील खुब्याच्या अस्थिभंगाच्या दरात वर्षानुवर्षे होत आलेली घट थांबली. या दोन घटनांतील कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नसला तरी त्यांची चर्चा एकत्र होते.

नियमनातही फरक आहे. औषधाला मान्यता मिळण्याआधी अस्थिभंग टळतात हे चाचण्यांतून दाखवावे लागते आणि दुष्परिणाम नोंदवावे लागतात. पूरके अन्नविषयक कायद्यांखाली येत असल्याने विक्रीपूर्वी असा पुरावा सहसा मागितला जात नाही. परिणामी औषधाच्या माहितीपत्रकावर दुष्परिणामांची लांबलचक यादी दिसते आणि पूरकाच्या डबीवर ती क्वचितच असते. यादी नसणे म्हणजे धोका नसणे असा याचा अर्थ होत नाही.

आहार आणि व्यायाम

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना दररोज १,००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, दही, ताक आणि काट्यांसह खाल्ले जाणारे लहान मासे हेही चांगले स्रोत आहेत. पालकातील ऑक्झॅलेटमुळे त्यातील कॅल्शियम फारसे शोषले जात नाही. आहारातून पुरेसे कॅल्शियम मिळत असल्यास गोळ्यांची गरज उरत नाही.

औषधांव्यतिरिक्तच्या उपायांत व्यायामाला चांगला आधार आहे. ऑस्ट्रेलियातील १०१ स्त्रियांवरील चाचणीत (२०१८) आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वजने उचलण्याच्या व्यायामाने आठ महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. तुलनेतील गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. तोल सांभाळण्याचे व्यायाम, घरातील निसरड्या फरशा व अंधाऱ्या जागांची दुरुस्ती आणि दृष्टिदोषावरील उपचार यांमुळे पडण्याचा धोका कमी होतो.

वैद्यकीय निर्णय

उपचार ठरवताना वय, पूर्वीचे अस्थिभंग, आई-वडिलांच्या खुब्याचा अस्थिभंग, स्टेरॉइडचा वापर, हाडांची घनता, मूत्रपिंडांचे कार्य आणि रक्तातील कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची पातळी विचारात घेतली जाते. गोळ्यांच्या स्वरूपातील बिसफॉस्फोनेट पाच वर्षे आणि शिरेतून दिलेले तीन वर्षे घेतल्यानंतर फेरआढावा घेण्याची शिफारस आहे. धोका कमी झालेला असल्यास काही काळ औषधाला विराम देता येतो, कारण हाडात साठलेल्या औषधाचा परिणाम काही काळ टिकतो. डेनोसुमॅबला मात्र असा विराम देता येत नाही. रुग्ण घेत असलेली सर्व पूरके व वनौषधी डॉक्टरांना कळणे हा या आढाव्याचाच भाग मानला जातो.

हे सुद्धा पहा

अस्थिसुषिरता
रजोनिवृत्ती
ड जीवनसत्त्व
नाचणी