लुंगीवाल्यानं किल्ट घेताना

मी घरात लुंगी नेसतो. इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. आमचे अब्बा मागावर होते. ताणा, बाणा, कांडी, धोटा हे शब्द मी अलिफ-बे आणि बाराखडीच्या आधी शिकलो. त्यामुळं कुठलंही कापड दिसलं की ते चिमटीत धरून बघायची खोड लागली, ती कवी झाल्यावरही सुटली नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात दोन महिने मुलीकडं ग्लासगोला होतो. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "पप्पा, लुंगीवर खाली कचरा टाकायला जाऊ नका हं. बरं दिसत नाही." मी गप्प बसलो. गप्प बसण्याचं कारण तिला ठाऊक नव्हतं. बी.ए.ला असताना कॉलेजच्या संमेलनात माझं पहिलं कविता वाचन होतं. अब्बा पाळी संपवून तसेच लुंगीवर आले. मी त्यांना दारातच म्हणालो, "अब्बा, तुम्ही बाहेरच थांबा." ते सायकल स्टँडपाशी थांबले. कर्ण्यावरून माझी कविता त्यांना ऐकू गेली असेल, नसेल. मी कधी विचारलं नाही.

तर मुलीनं हे सांगितल्यावर दोनच दिवसांनी बस स्टॉपवर एक गृहस्थ दिसले. माझ्याच वयाचे. हातात भाजीची पिशवी, अंगात साधा स्वेटर आणि खाली चौकड्यांचा किल्ट. तिथं रोज किल्ट घालणारे थोडेच. लग्न, सामना, पदवीदान अशा वेळीच तो बाहेर निघतो. हे गृहस्थ मात्र बुधवारी दुपारी किल्ट घालून कोबी घेऊन निघाले होते. मी मुलीला म्हटलं, "मलाही असला एक घ्यायचाय. रोजच्यासाठी." ती हसली. आपण जे सांगितलं ते अंगावर आलं, हे तिच्या लक्षात आलं असावं.

पहिली खरेदी फसली, ते आधी सांगतो. पर्यटकांच्या गर्दीतल्या एका दुकानात चाळीस पौंडांना किल्ट लटकत होते. पँटची कंबर ३६ म्हणून मी ३६ चा उचलला. घरी आलो तर बक्कल लागेना! पँट आपण पोटाखाली ओढून घालतो. किल्टची कंबर बेंबीपाशी असते. तिथं टेप धरली तर ४० भरली. शिवाय कापड ॲक्रिलिकचं. एका पावसात पाठीमागच्या चुण्या सुटल्या आणि आठवड्यात कापडावर गोळे आले. मागकऱ्याच्या पोरानं दुकानात कापड चिमटीत धरलं नाही, ते फक्त किंमत बघत होतं. अब्बा असते तर काही न बोलता नुसते बघत राहिले असते.

मग नीट चौकशी केली. किल्ट म्हणजे मुळात लांब कापड आणि पाठीमागं शिवलेल्या चुण्या. पुढं दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि वरचा पदर उजव्या बाजूला पट्टा-बक्कलनं बसतो. पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागतं. आपली नऊवारी एक वार पुढं आहे, हे मी जावयाला सांगितलं. त्याला ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. हे आठ वार लोकरीचं, हातानं शिवलेलं वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, पण २०२३ मध्ये ते चारशे पौंडांच्या पुढं जायचं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं आपल्या चाळीस हजारांच्या पुढं. लोकर १० औंसांपासून १६ औंसांपर्यंत मिळते. आकडा वाराच्या वजनाचा. १६ औंसांचा किल्ट दोन किलोच्या आसपास भरतो. थंडी-वाऱ्यात तो अंगावर छान पडतो, आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र ती शिक्षाच होईल.

रोजच्या वापराला आणि प्रवासाला दोन मधले मार्ग आहेत. एक, पाच वारी किल्ट. चुण्या कमी, वजन कमी, किंमत कमी. दुसरा कापडाचा. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोजचं मिश्रण, त्याला तिथं पीव्ही म्हणतात. दिसायला लोकरीसारखं, टोचत नाही, घरच्या मशिनमध्ये थंड पाण्यात धुता येतं. धुण्याआधी चुण्यांवर खालच्या बाजूनं कच्चा धावदोरा घालायचा, वाळल्यावर उसवायचा, म्हणजे इस्त्रीचा त्रास वाचतो. खिसेवाले सुती किल्टही मिळतात. अमेरिकेत सिॲटलच्या एका कंपनीनं २००० साली त्यांची लाट आणली. ते मजबूत असतात, पण मला चौकड्या हव्या होत्या.

स्वस्त किल्ट बघताना तो उलटा करून पाठ बघावी. चुणीत बोट घालावं. बोट लगेच टेकलं तर कापड वाचवलंय असं समजावं. कंबरेपासून नितंबापर्यंत चुण्या शिवलेल्या हव्यात, नुसत्या दाबलेल्या नकोत. आणि चुण्या मिटल्यावरही चौकडी पाठीवर अखंड जुळते का, ते बघावं. शिवणाऱ्याची नियत तिथं कळते. यातले बरेच स्वस्त किल्ट पाकिस्तानात सियालकोटला शिवले जातात. बॅगपाइपही तिथं बनतात. कारागीर वाईट नाहीत. कमी पैशात कमी कापड दिलं तर कारागीर तरी काय करणार?

लांबीची परीक्षा मला फार आवडली. जमिनीवर गुडघे टेकायचे. काठ जमिनीपासून इंचभर वर राहिला की माप बरोबर. उभं राहिल्यावर तो गुडघ्याच्या मधोमध येतो. शिंप्यानं "गुडघ्यांवर बसा" म्हटल्यावर मी इतका सहज बसलो की तो चकित झाला. दिवसातून पाच वेळा सवय आहे. निदान असायला हवी.

आता टार्टन, म्हणजे चौकडीची जात. अमुक घराण्याचीच माणसं अमुक चौकडी घालू शकतात असा समज आहे. असा कायदा नाही. उलट कायदा होता तो किल्ट घालूच नये असा! १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारनं १७४६ मध्ये डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या या पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. फौजेतल्या पलटणींना मात्र मुभा. बंदी १७८२ मध्ये उठली, आणि १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा त्यानं स्वतःच किल्ट घातला. ज्या कपड्याला सत्ता भ्यायली, तोच पुढं दरबारी झाला.

आज टार्टनची सरकारी नोंदवही आहे. त्यात शिखांचं टार्टन आहे, २०१२ पासून स्कॉटलंडच्या मुसलमानांचंही आहे. हे कळल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, मग तेच घ्या ना!" मी म्हटलं, "नको. कचरा टाकायला जायचंय, मिरवायला नाही." मी 'ब्लॅक वॉच' घेतलं, जुन्या पलटणीचं, कुणीही वापरावं असं. गडद निळा, गडद हिरवा, काळा. मळ दिसत नाही. घरी येऊन ट्रंकेतली अब्बांची शेवटची लुंगी काढून शेजारी ठेवली. रंग तेच निघाले, फक्त काळ्याच्या जागी एक बारीक पांढरी रेघ.

प्रवासाचंही सांगून टाकतो. किल्टची घडी घालू नये. आडवा गुंडाळावा आणि स्त्रियांच्या जुन्या नायलॉनच्या मोज्यात सरकवावा. चुण्या मोडत नाहीत. किल्टला खिसा नसतो. पुढं लटकणारी चामड्याची थैली, स्पोरन, हाच खिसा. बसताना पुढचा पदर जागेवर ठेवायलाही तिचा उपयोग. विमानतळावर तिची साखळी आणि बक्कलं वाजतात, म्हणून ती आधीच काढून ट्रेमध्ये टाकावी. मोज्यात खोचायचा छोटा सुरा हौसेनं घेतलाच असेल तर तो मोठ्या बॅगेतच जाऊ द्यावा. बसताना पाठीमागून हात फिरवून चुण्या खाली घ्याव्यात. बायका परकर सावरतात तसंच. मला हे शिकायला चार दिवस लागले; मुलगी शिकवत होती आणि तिची आई व्हिडिओ कॉलवर हसत होती.

परत आल्यावर मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कोल्हापूरला निघालो, किल्टवरच. वरच्या बर्थवर चढताना लुंगीची जी काळजी, तीच याची. समोरचे एक काका, बहुधा कराडला उतरणारे, बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी कापड चिमटीत धरलं.

"काका, ही लुंगी शिवून घेतलीय का?"

"होय."

"बरं केलंत. सुटायची भीती नाही. केवढ्याला पडली?"

मी निम्मीच किंमत सांगितली.